सालईच्या लाकडाचा कागद

मुंबईहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग भुसावळ सोडल्यावर तापीच्या खोऱ्यातून पुढे सरकतो. रावेरच्या केळीच्या बागा मागे पडतात, बऱ्हाणपूर येते, दूरवर अशीरगडाचा डोंगर दिसू लागतो. मग चांदनी नावाचे एक लहानसे स्थानक लागते आणि त्याच्यानंतर नेपानगर. हे नाव प्रथमच ऐकणाऱ्यास नेपाळची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु त्या देशाचा या गावाशी काहीही संबंध नाही. न्यूजप्रिंट आणि पेपर या दोन इंग्रजी शब्दांच्या आरंभीची अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. आपल्याकडे गावांना देवांची, राजांची, झाडांची आणि नद्यांची नावे आहेत. कागदाचे नाव धारण करणारे हे गाव त्यांत निराळे म्हणावे लागेल.

आज नेपानगर मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. हा जिल्हा २००३ साली निराळा झाला. तोपर्यंत गाव खांडवा म्हणजे पूर्व निमाड जिल्ह्यात मोडत असे. परंतु जेव्हा या गिरणीची कल्पना निघाली, तेव्हा हा सारा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाने ओळखला जात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत राज्यकारभार चालवण्याचे त्या राज्याचे धोरण होते. तेव्हा नेपानगरची कथा ही परमुलखाची कथा नव्हे. नागपूरच्या सचिवालयात तिचे कागद फिरले आणि तिच्या यंत्रांवरून निघालेल्या कागदावर मराठी वृत्तपत्रेही छापली गेली.

वृत्तपत्राचा कागद हा इतर कागदांहून निराळा असतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पुस्तकाचा किंवा वहीचा कागद करताना लाकूड रसायनांत शिजवतात. लाकडाचे तंतू एकमेकांस चिकटवून धरणारे लिग्निन नावाचे द्रव्य त्यामुळे विरघळून जाते आणि शुद्ध तंतू मागे राहतात. मात्र या रीतीत निम्मे लाकूडच हाती लागते. वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. त्याला एवढा खर्च परवडत नाही. म्हणून त्याच्यासाठी लाकडाचा ओंडका पाण्याच्या धारेखाली फिरत्या दगडावर दाबून सरळ दळतात. या दळलेल्या लगद्यात लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उतरतो. लिग्निन आतच राहिल्यामुळे हा कागद उन्हात पिवळा पडतो, जुन्या अंकांच्या घड्या मोडतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. ही दळण्याची युक्ती फ्रीड्रिख केलर नावाच्या एका जर्मन विणकराने १८४४च्या सुमारास शोधली. तिच्यामुळेच स्वस्त वृत्तपत्र जगात शक्य झाले.

दळण्याजोगे उत्तम लाकूड म्हणजे स्प्रूस व फर यांचे. ते लांब तंतूंचे, फिकट रंगाचे आणि मऊ असते. कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या थंड देशांत त्याची अरण्येच्या अरण्ये उभी आहेत. आपल्याकडे ही झाडे आहेत ती हिमालयाच्या उंच उतारांवर, जेथून ओंडका खाली आणणे हेच एक दिव्य. परिणामी हिंदुस्थानातील प्रत्येक वृत्तपत्र परदेशी कागदावर छापले जात असे. दुसऱ्या महायुद्धात जहाजे मिळेनाशी झाली, कागदाचे वाटप सुरू झाले आणि वृत्तपत्रांची पाने घटली. ज्यांनी १९४२च्या आंदोलनाची वृत्ते त्या काळी मिळवून वाचली, त्यांनी ती अरुंद, दाटीवाटीने छापलेल्या पानांवर वाचली. देशाच्या स्वातंत्र्याची बातमी ज्या कागदावर छापावयाची, तो कागदच परक्याच्या मर्जीवर अवलंबून होता. ही बोच त्या पिढीच्या संपादकांना आणि पुढाऱ्यांना होती. नेपानगरच्या गिरणीमागची खरी प्रेरणा तीच.

प्रश्न असा होता की, सूचिपर्णी अरण्य नसलेल्या देशाने वृत्तपत्राचा कागद करावा कशाचा? याचे उत्तर शोधण्याचे काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेकडे होते. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत कागदाच्या लगद्याचा स्वतंत्र विभाग होता. तेथे विल्यम रेट यांनी बांबूवर अनेक वर्षे काम केले होते. बांबू एकदम तीव्र क्षारात शिजवला की तो काळा पडतो आणि रसायनही वाया जाते, हे त्यांच्या लक्षात आले. बांबूतील पिष्टमय भाग आधी सौम्य द्रावणाने काढावा, मग लिग्निनसाठी तीव्र द्रावण वापरावे, अशी दोन टप्प्यांची रीत त्यांनी बसवली. तिच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान १९२५ साली बांबूच्या कागदधंद्यास संरक्षण देणारा कायदाही झाला होता. प्रयोगशाळेतील पद्धत कारखान्यात कशी उतरते, याचे आपल्या देशातील हे एक आरंभीचे आणि बरेचसे यशस्वी उदाहरण होय. १९९१ साली या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा पदव्या नव्या आल्या. कारखान्यांसाठी पद्धती शोधण्याचे काम मात्र जुनेच होते.

परंतु बांबूचा लगदा शिजवलेला, म्हणून महाग. वृत्तपत्रासाठी दळता येईल असे स्वस्त लाकूड हवे होते. अनेक देशी झाडांची परीक्षा झाली आणि दृष्टी स्थिरावली ती सालईवर.

सालई हे सातपुड्याच्या रहिवाशांस सांगावयास नको. खडकाळ, उन्हाने करपलेल्या उतारावर, जेथे साग धड वाढत नाही, तेथे ही उभी असते. तिची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते. कागदाच्या झाडाने आपल्या अंगावरच कागद बाळगावा, हा एक योगायोग. खोडाला छेद दिला की सुवासिक डिंक गळतो. तो धुपासाठी जाळतात. आयुर्वेदात तिला शल्लकी म्हणतात आणि तिचा डिंक सांधेदुखीवर देतात. कोरकू व इतर आदिवासी कुटुंबे हा डिंक गोळा करीत आली आहेत. इमारतीच्या दृष्टीने मात्र ही जात कुचकामाची. लाकूड नरम, किडीला लवकर बळी पडणारे. वनखात्याच्या हिशेबात सालईचे मोल जवळजवळ शून्य होते. ज्याला कोणी विचारीत नाही असे लाकूड, विपुल, हलके आणि फिकट. दळण्यासाठी आणखी काय हवे?

हवे होते ते लांब तंतू. सालई हे पानझडी वृक्षाचे लाकूड. त्याचे तंतू स्प्रूसच्या मानाने आखूड. आखूड तंतूंचा कागद छापण्यास गुळगुळीत असतो, पण ताण पडला की फाटतो. येथे डेहराडूनच्या संशोधनाचे मर्म आहे. सालईचा दळलेला लगदा आणि बांबूचा शिजवलेला लगदा यांचे मिश्रण करावयाचे. सालईने कागदाला अंग द्यावे, बांबूच्या लांब तंतूंनी त्याला बळ द्यावे. वाळलेल्या गवताची काडी आणि अंबाडीचा दोर यांची गुंफण करावी तसा हा प्रकार. दोन्ही वस्तू नेपानगरच्या आसपासच्या रानात होत्या. तापीचे पाणी जवळ होते, चांदनीस विजेची सोय होती आणि दारातून लोहमार्ग गेला होता. जागेची निवड एवढ्या विचाराने झाली होती.

२५ जानेवारी १९४७ रोजी नायर प्रेस सिंडिकेट या खाजगी संस्थेने नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स ही कंपनी नोंदवली. देश अजून स्वतंत्र व्हावयाचा होता. काम उभे राहण्यापूर्वीच भांडवलाची ओढाताण सुरू झाली आणि १९४९ साली राज्यसरकारला कारभार आपल्या हाती घ्यावा लागला. कंपनीच्या नोंदणीपासून यंत्रावर पहिला कागद उतरेपर्यंत आठ वर्षे गेली. तो दिवस १९५५च्या जानेवारीत उगवला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते गिरणीचे उद्घाटन झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी नागपुराहून भोपाळास हलली आणि गिरणी नव्या मध्यप्रदेशात राहिली. १९५९ साली केंद्र सरकारने तिच्यातील नियंत्रक वाटा घेतला. आरंभीची क्षमता वर्षाला ३०,००० टनांची. पुढे ती वाढत वाढत ८८,००० टनांपर्यंत नेण्यात आली. १९८०नंतर म्हैसूर व केरळ येथील गिरण्या सुरू होईपर्यंत देशात वृत्तपत्राचा कागद करणारी ही एकटीच गिरणी होती.

ती आठ वर्षे आणि त्यानंतरचीही कित्येक वर्षे कशात गेली, हे पाहिल्यावाचून संशोधनाचे हस्तांतर म्हणजे काय ते कळत नाही. प्रयोगशाळेत ताजे, निवडलेले, गाठी नसलेले लाकूड दळावयाचे असते. कारखान्यात वाघिणीतून येते ते सरसकट लाकूड. पावसाळ्याचे चार महिने रानातील तोड बंद राहते, म्हणून उन्हाळ्यातच साठा करून ठेवावा लागतो. आणि सालईचे लाकूड साठवले की त्याला बुरशीचे डाग पडू लागतात. डाग पडलेल्या लाकडाचा लगदा काळपट होतो. प्रयोगशाळेत जो डिंक नळीच्या तळाशी किंचित चिकटतो, तोच कारखान्यात जाळीवर आणि रुळांवर साचतो. प्रयोगशाळेत कागदाचा एक ताव हाताने उचलून वाळत घालता येतो. यंत्रावर ओल्या लगद्याची पट्टी मिनिटाला शेकडो फूट धावत असते. ती एकदा तुटली की सारे थांबवून पुन्हा ओढून घ्यावी लागते. शोध डेहराडूनला लागला हे खरे. परंतु तो शोध कागद होण्यासाठी नेपानगरच्या पाळीवरील कामगारांना आणि फोरमनांना दुसऱ्यांदा लावावा लागला, आणि या दुसऱ्या शोधाची नोंद कोणत्याही शोधपत्रिकेत झाली नाही.

छापखान्यांची कुरकुर होतीच. देशी कागद खरखरीत आहे, वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर तो तुटतो, अशी तक्रार ऐकू येई. परदेशी रीळ मिळाले तर ते आधी, नेपाचे नंतर, असा कल असे. तरीही ही गिरणी नसती तर तुटवडा अधिक झोंबला असता. त्या काळी कागद हा निव्वळ मालाचा प्रश्न नव्हता. पानांची संख्या आणि अंकाची किंमत यांची सांगड घालणारा कायदा १९५६ साली झाला आणि १९६० साली त्याखाली आदेश निघाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९६१च्या सप्टेंबरात न्यायालयाने तो कायदा विचारस्वातंत्र्यास बाधक म्हणून रद्द ठरवला. मराठी वृत्तपत्राने लढलेला हा दावा आजही घटनेच्या अभ्यासकांना पाठ असतो. पुढे १९७२ साली परदेशी कागदाच्या वाटपासंबंधी आणखी एक मोठा दावा झाला आणि पाने दहापुरती मर्यादित ठेवण्याचे धोरणही न्यायालयाने अमान्य केले. कागद कमी, म्हणून पाने कमी. पाने कमी, म्हणून बोलणे कमी, अशी ही साखळी होती. नेपानगरचे मोल या साखळीच्या संदर्भात जोखावयाचे.

आता दुसरी बाजू. डेहराडूनच्या प्रयोगांत तंतूंची लांबी मोजली गेली, लगद्याचा उतारा मोजला गेला, कागदाचे बळ मोजले गेले. टाकाऊ मानलेल्या झाडाचा उपयोग झाला, परदेशी चलन वाचले, हे सारे जमेच्या बाजूस पडले. परंतु गिरणीची भूक किती आणि रानाची वाढ किती, या दोन आकड्यांची वजाबाकी जेवढ्या काटेकोरपणे व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. सालईची रोपे निसर्गतः फार थोडी टिकतात. कोवळे रोप उन्हाळ्यात वरून मरते, पावसाळ्यात पुन्हा फुटते, पुन्हा मरते. अशी अनेक वर्षे गेल्यावर एखादे खोड धरते. तिची फांदी रोवली तर ती जगते, हे रानातल्या माणसांना ठाऊक असते. परंतु कंत्राटाने तोड करणाऱ्याने फांद्या रोवीत बसावे, अशी अपेक्षा कोण करणार? जे झाड वनखात्याच्या हिशेबात शून्य होते, त्याची लागवडही हिशेबात शून्यच राहिली. बांबू आणि सालई यांचा तुटवडा ही गिरणीची कायमची अडचण होऊन बसली.

बांबूच्या बाबतीत हीच गोष्ट देशात इतरत्र घडली आणि तिचा छडा लावण्याचे काम एका मराठी शास्त्रज्ञाने केले. कर्नाटकाच्या उत्तरेस, मराठी व कोकणी भाषकांची वस्ती असलेल्या टापूला लागून दांडेली आहे. तेथील कागदगिरणीला सरकारी रानातील बांबू टनास दीड रुपया अशा दराने दिलेला होता. बाजारात त्याचा भाव याच्या कित्येक पट होता. पोट भरण्यास बांबू मिळेना, म्हणून बुरूड समाजाने ओरड केली. १९७०च्या दशकाच्या मध्यास बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पुण्याचे माधव गाडगीळ यांच्याकडे या प्रश्नाचा अभ्यास आला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. ते काढून टाकले की बेट मोकळे होते, बांबू बरा वाढतो आणि तोडही सोपी जाते, अशी वनखात्याची समजूत होती. गावकऱ्यांचे म्हणणे नेमके उलट होते. काटे गेले की कोवळे कोंब गुरे, साळिंदरे आणि वानरे खाऊन टाकतात. गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटे मोजून पाहिली, तेव्हा गावकरीच बरोबर ठरले. शास्त्रीय म्हणून केलेल्या साफसफाईने बांबूचा नाश होत होता. एक मुलूख संपला की गिरण्या पुढच्या मुलखाकडे वळत, हेही या अभ्यासातून पुढे आले.

विद्यापीठीय संशोधनाचे हे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे आणि ते अधिक ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्ञान प्रयोगशाळेतून कारखान्याकडे जाते, असेच सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे ते बुरुडाच्या आणि गुराख्याच्या तोंडून विद्यापीठाकडे गेले, तेथे तपासले गेले आणि मग सरकारकडे पोहोचले. नेपानगरच्या सालईविषयी कोरकूंना कोणी असे विचारले असते, तर गिरणीला काही वेगळे उत्तर मिळाले असते, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

पाण्याचीही अशीच गोष्ट. बांबू शिजवल्यावर उरणारे काळे पाणी, ज्यात विरघळलेले लिग्निन आणि सोडा असतो, ते आटवून जाळले तर सोडा परत मिळतो आणि उष्णताही मिळते. परंतु बांबूत वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य बरेच असते. ते आटवण्याच्या नळ्यांत दगडासारखे जमते आणि सोडा परत मिळवणे अवघड करून टाकते. स्प्रूसच्या देशांत ही अडचण नव्हती, म्हणून तेथील यंत्रांत तिचा विचारही नव्हता. आपल्याकडील अनेक गिरण्यांनी हे काळे पाणी नदीनाल्यांत सोडण्याचा सोपा मार्ग पत्करला. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा झाला तो १९७४ साली. तोपर्यंत नद्यांना वाली नव्हता.

रान आणि नदी या दोन्ही बाजूंनी कोंडी झाल्यावर नेपानगरने जो मार्ग धरला, तो रद्दीचा. छापलेला कागद भिजवून, त्याची शाई काढून, पुन्हा कागद करावयाचा. ही कल्पना ऐकावयास अगदी आधुनिक वाटते. परंतु तिचा जन्म एका विद्यापीठातच आणि तोही अठराव्या शतकात झालेला आहे. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापक युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ साली एक लहानसे पुस्तक छापले. छापील कागदाची शाई धुऊन त्याचा नवा कागद कसा करावा, हे त्यात सांगितले होते. हे गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ नव्हते. ते कायद्याचे प्राध्यापक होते! त्यांनी जवळच्या एका कागदवाल्याकडून शाई शोषणाऱ्या मातीच्या साहाय्याने प्रयोग करून घेतला. पुढे १८०० साली लंडनमध्ये मॅथियस कूप्स यांनी याच कामाचे पेटंट घेतले, मोठी गिरणी काढली आणि अल्पावधीतच दिवाळे काढले. लाकडाचा स्वस्त लगदा आल्यावर तर रद्दीकडे कोणी वळूनही पाहिले नाही. क्लाप्रोट यांचे तंत्र जवळजवळ पावणेदोनशे वर्षे प्रतीक्षा करीत राहिले. तंत्र चुकीचे नव्हते. अरण्य स्वस्त होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा जागे झाले, तेव्हा त्याला खाणकामातील एका युक्तीची जोड मिळाली. खनिजाची पूड पाण्यात कालवून, तीत हवेचे बुडबुडे सोडून, धातूचे कण फेसाबरोबर वर आणण्याची रीत खाणींत होती. तीच रद्दीच्या लगद्याला लावण्यात आली. रद्दी कोमट पाण्यात घुसळतात. तीत सोडा, सोडियम सिलिकेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबणाच्या जातीचे द्रव्य घालतात. शाईचे कण तंतूंपासून सुटतात, बुडबुड्यांना चिकटतात आणि काळ्या फेसाच्या रूपाने वर येतात. फेस काढून टाकला की खाली उजळ लगदा राहतो. लाकूड दळण्यास जेवढी वीज लागते तिच्या मानाने येथे फार थोडी लागते, आणि रानाला धक्का लागत नाही.

म्हणून ही रीत निर्दोष आहे असे समजू नये. प्रत्येक खेपेस तंतू आखूड होतात, झिजतात. पाचसात वेळांनंतर त्यांना कागद धरवत नाही. म्हणजे कोठे तरी कोणीतरी नवे तंतू घालीत राहावेच लागते. काढलेली शाई आणि गाळ टाकावयाचा कोठे, हाही प्रश्न उरतोच. शिवाय वृत्तपत्राची तेलकट शाई उन्हात आणि काळाच्या ओघात कडक होऊन तंतूंना घट्ट बिलगते. युरोपातील कारखानदारांनी उन्हाळ्यात शाई निघत नाही अशी तक्रार केली, आणि तिला तेथे ‘उन्हाळ्याचा परिणाम’ असे नावच पडले. ज्या निमाडात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्याही वर जातो, तेथे या तक्रारीचे रूप काय असावे, याची कल्पना करता येईल.

या आणि अशा अडचणींवर उत्तर शोधण्याची व्यवस्था आपल्या देशात हळूहळू उभी राहिली. नागपूर विद्यापीठाची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ साली निघाली होती. रासायनिक उद्योगांना माणसे आणि संशोधन पुरवावे, हाच तिचा हेतू होता. २०२३ साली तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. सहारनपूरला १९६४ साली स्वीडनच्या मदतीने कागदतंत्राचे विद्यालय निघाले. पुढे ते रुरकी विद्यापीठात सामील झाले आणि २००१ साली रुरकीच्या आयआयटीचा भाग बनले. १९८० साली केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था स्थापन झाली. १९८६ साली फिनलंडमधील लिसा वीकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, सूक्ष्मजीवांपासून मिळणारी झायलेनेज नावाची विकरे लगद्यावर वापरली, तर तो पांढरा करण्यास लागणारे विषारी क्लोरीन कमी करता येते. काही वर्षांतच ते गिरण्यांत पोहोचले. त्यानंतर आपल्या विद्यापीठांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांतही या विकरांवर आणि विकरांनी शाई काढण्यावर विपुल संशोधन झाले. शोधनिबंधांचा ढीग पडला. त्यांतील गिरण्यांत किती उतरले, याचे उत्तर त्या ढिगाच्या मानाने फार लहान आहे. चंचुपात्रातील शंभर ग्रॅम लगद्यावर जे विकर चोख काम करते, त्याला गिरणीच्या हौदातील बदलते तापमान, सोड्याचा तीव्रपणा आणि वीज गेल्यावर तासभर ताटकळणे सोसवत नाही. सालईच्या डिंकाने १९५५ साली जो धडा दिला, तोच येथे नव्या रूपाने समोर येतो. फरक इतकाच की, डेहराडूनच्या तंत्रामागे त्या काळी एक सरकार आणि एक निकड उभी होती. विकरांच्या तंत्रामागे पुष्कळदा शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदातील एक आशावादी वाक्य तेवढे असते.

१९८९ साली कंपनीचे नाव नेपा लिमिटेड झाले. बाहेरचा स्वस्त कागद, जुनी यंत्रे आणि वाढते देणे यांनी गिरणी खालावत गेली. जीर्णोद्धारासाठी २०१६ साली उत्पादन थांबवण्यात आले आणि ते सहा वर्षे थांबलेलेच राहिले. गिरणीभोवतीच वसलेल्या गावात त्या सहा वर्षांत दुकाने कशी चालली असतील, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. २३ ऑगस्ट २०२२ रोजी गिरणी पुन्हा सुरू झाली, ती शाई काढण्याच्या नव्या यंत्रसामग्रीसह आणि वृत्तपत्राबरोबर लिहिण्याछापण्याचा कागदही करण्याच्या उद्देशाने. दळावयाच्या सालईचे ओंडके आता तिच्या आवारात येत नाहीत. येतात ते रद्दीचे गठ्ठे.

आपल्या घरातून रद्दीवाला तराजूत घालून जो कागद नेतो, तोच असा फिरत फिरत गिरणीच्या दारी जातो. त्यातील एखादा तंतू कॅनडाच्या स्प्रूसचा असेल, एखादा उसाच्या चिपाडाचा, एखादा निलगिरीचा. गठ्ठा उघडला की वाळू, सुतळी, टाचण्या आणि मासिकांचे गुळगुळीत तुकडे बाजूस काढावे लागतात. मग तो कागद किती महिन्यांपूर्वीचा आहे, आणि तो माळ्यावर पडून होता की पत्र्याच्या छपराखाली तापत होता, हे पाहावे लागते. कारण त्यावरूनच त्याची शाई सुटावयास किती वेळ लागेल ते ठरते.